स्वयंभरण रायफल : भरण व आवर्तनातील बिघाड

चाप ओढल्यावर उडालेल्या गोळीमागील वायूच्या दाबाने रिकामे टरफल बाहेर फेकून पुढील काडतूस आपोआप चेंबरमध्ये घेणारी रायफल. बेल्जियन एफएएल नमुन्यावर आधारलेली, इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली 7.62 मिमी. एसएलआर ही तिची भारतातील सुपरिचित जात. तिच्या मॅगझिनमध्ये 20 काडतुसे मावतात.

शहापूर व मुरबाड तालुक्यांसारख्या अतिवृष्टीच्या, दमट डोंगराळ मुलखात गंज, चिखल व जळक्या दारूची काजळी ही बिघाडाची प्रमुख कारणे होत. टरफल बाहेर पडण्याच्या खिडकीतच अडकले, तर वायूचा दाब अपुरा पडला असा तर्क करावा. वायुनियंत्रक व पिस्टन स्वच्छ करून नियंत्रकाची जुळणी तपासावी. बोल्ट पुढे येऊनही नवे काडतूस उचलले गेले नाही, तर मॅगझिन नीट बसलेले नसणे, त्याचे ओठ वाकणे वा स्प्रिंग शिथिल होणे संभवते. टरफल चेंबरमध्येच राहून मागून दुसरे काडतूस धडकले, तर मळलेले चेंबर किंवा झिजलेला एक्स्ट्रॅक्टर (टरफल खेचून काढणारा आकडा) दोषी असतो.

बिघाड होताच नळी सुरक्षित दिशेस धरावी, बोट चापावरून काढावे, मॅगझिन उतरवावे, आणि बोल्ट मागे ओढून अडकवून चेंबर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. चाप ओढूनही बार झाला नाही, तर उशिरा स्फोट होण्याचा धोका असल्याने बोल्ट मागे ओढण्यापूर्वी काही काळ थांबणे अनिवार्य आहे. झिजलेल्या भागांची दुरुस्ती प्रशिक्षित आर्मोररनेच करावी.