कोपऱ्यातला माणूस

मुष्टियुद्धाचा इतिहास बहुधा रिंगणाच्या मध्यावरून लिहिला जातो. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कोपऱ्यातल्या स्टुलापाशी काय घडले, याची नोंद क्वचितच उरते. थोर प्रशिक्षक कोणास म्हणावे, हे पाहायचे तर त्या मिनिटापाशीच थांबावे लागते, असे आम्हांस वाटते.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलालगतच्या क्वेझॉन सिटीत मुहम्मद अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा समोरासमोर आले. चौदा फेऱ्या झाल्या होत्या. फ्रेझरचा एक डोळा सुजून मिटला होता आणि दुसऱ्याने त्यास आधीपासूनच फार कमी दिसे. तो उठू पाहत होता. प्रशिक्षक एडी फचने त्यास पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. अलीही त्या क्षणी कोसळण्याच्या बेतात होता, आणखी तीन मिनिटे धीर धरायला हवा होता, असा युक्तिवाद पुढे पुष्कळ झाला. त्यास आम्ही फारशी किंमत देत नाही. न दिसणाऱ्या माणसास ठोसे खायला पाठवणे, ही त्या तीन मिनिटांची किंमत होती.

आपल्याकडे या माणसाचे नाव 'वस्ताद'. शब्द फारसी 'उस्ताद'वरून आलेला, तर 'तालीम' अरबी. मुळात तिचा अर्थ शिक्षण. आज आमच्या मनवेलपाड्यात व्यायाम शिकवणाऱ्यास मुले 'सर' म्हणतात, पण वस्तादाचे काम शिकवण्यावर संपत नसे. पठ्ठ्याचा खुराक, त्याची झोप, कोणाशी जोड लावायची आणि कोणाशी अद्याप नाही, हे सारे त्याच्याकडे असे. जोड नाकारण्याचा अधिकार हा त्यातला सर्वांत मोठा.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच परंपरेत वाढले. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पुढे बाबुराव बलावडे, बेलापुरी गुरुजी आणि कोल्हापुरात गोविंद पुरंदरे यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटची सवय नसतानाही, ते सहावे आले. १९५२मध्ये हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. दुसरी कमी सांगतो.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची दीर्घ, दमवणारी लढत झाली आणि ती त्यांनी गमावली. लगेच त्यांस सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव्हसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. पण तो नियम दाखवून हटून बसेल असा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा उतरले आणि हरले. हाती आले ते कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विश्रांती मिळती तर सुवर्ण आले असते, असे आम्ही म्हणणार नाही. इशी बलवान होता. परंतु मनिलात कोणी तरी 'पुरे' म्हणाले, हेलसिंकीत 'थांबा' म्हणायलाही कोणी नव्हते. डावपेच खाशाबांपाशी होतेच. उणीव होती ती त्यांच्या वतीने तोंड उघडणाऱ्या माणसाची.

प्रशिक्षकांसाठी शासनाने पुरस्कार सुरू केला तो १९८५मध्ये, आणि त्यास नाव दिले द्रोणाचार्यांचे. एकलव्याचा अंगठा ज्यांस ठाऊक आहे, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना या नावातली विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. शिष्याचे शरीर दक्षिणा म्हणून मागणारा गुरू एकीकडे, ते वाचवण्यासाठी पराभव पत्करणारा फच दुसरीकडे. पुरस्काराच्या पहिल्याच यादीत कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत आणि मुष्टियुद्धासाठी ओमप्रकाश भारद्वाज ही नावे होती. खाशाबांचे निधन त्याआधीच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी झाले होते.