२५ डिसेंबर : एक तारीख, दोन आगी
आमच्या वसईत २५ डिसेंबरला नाताळ असतो. मला त्या दिवशी दोन आगी आठवतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या परिषदेने मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. म्हणजे ती आग माणसांविरुद्ध नव्हती, विषमतेच्या कायद्याविरुद्ध होती. १९६८ साली तंजावर जिल्ह्यातील कीळवेनमणीत मजुरीच्या लढ्यापायी, झोपडीत आसऱ्याला गेलेले ४४ दलित जिवंत जाळले गेले, बहुतेक बायका-मुले. चवदार तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. कीळवेनमणीचे जमीनदार मात्र मद्रास उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. पोथी जळाली, तिची नीती उरली. म्हणून मनुस्मृती दहन दिनी कीळवेनमणीच्या मृतांचीही नावे वाचली पाहिजेत, असे मला वाटते.