माजी विद्यार्थी मेळावा : पद्धत कुठली आणि आपल्याकडे कोण राहून जातं?

खडवली : भाताची झोडणी उरकली की मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात. दहावीची अमुक सालची बॅच, वर्गणी एवढी, फॅमिली आणली तरी चालेल. गॅदरिंग वेगळं, ते शिकत असलेल्या पोरांचं. पालक मेळावाही वेगळा. हा मेळावा शाळा-कॉलेज सोडून गेलेल्यांचा.

अमेरिकेत याला होमकमिंग म्हणतात. कॉलेजच्या फुटबॉल मॅचला जुने विद्यार्थी बोलवायची पद्धत तिथे १९१० च्या आसपास रुळली. पहिला मान कोणाचा, यावर मिझुरी, बेलर आणि इलिनॉय या विद्यापीठांचं अजून एकमत नाही. पोरं घरापासून लांब होस्टेलवर राहतात, म्हणून आई-वडिलांसाठीही एक शनिवार-रविवार राखून ठेवतात. आपली पोरं लोकलने कल्याणला कॉलेजला जातात आणि रात्री घरी जेवायला असतात. त्यामुळे पोराचं कॉलेज आतून बघितलेले आई-बाप आपल्याकडे कमीच.

आपल्या जवळचं मोठं उदाहरण पवईच्या आयआयटीचं. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेत, पास होऊन २५ वर्षं झालेली बॅच डिसेंबरअखेर जमते आणि संस्थेला मिळून निधी देते. साध्या कॉलेजातही आता माजी विद्यार्थी संघ दिसतात. कॉलेजला श्रेणी देणारी नॅक ही संस्था माजी विद्यार्थ्यांचा सहभागही तपासते, हे त्यामागचं एक कारण. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीवर किमान एक माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. फेटे बांधून फोटो काढून झाले की त्या जागेवर कोण बसलंय, तेही विचारा.

गावातल्या मेळाव्याचा खरा घोळ यादीचा. पोरांचे नंबर दोन दिवसांत जमतात. मुलींची नावं सासरी जाऊन बदललेली, त्यांचा पत्ता भावाकडे नाहीतर वहिनीकडे विचारावा लागतो आणि तेवढा खटाटोप सगळे करत नाहीत. दुसरं म्हणजे बॅच धरतात दहावीची. सातवी-आठवीत शाळा सुटलेली पोरं कुठल्याच बॅचमध्ये बसत नाहीत. यात कातकरी वाडीवरची पोरं बरीच. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले की तीही मागोमाग जायची. मेळावे भरतात डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आजही ती नेमकी भट्टीवरच असतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र या सगळ्यांची नावं आहेत. कधी दाखल झाला, कधी आणि का शाळा सोडली, सगळं लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांना भेटा आणि यादी दहावीच्या निकालावरून करण्यापेक्षा प्रवेशाच्या वर्षावरून करा. जिल्हा परिषद शाळेत पहिलीची, हायस्कूलला पाचवी किंवा आठवीची.

तारखेचं म्हणाल तर मला गणपतीचे दिवस बरे वाटतात. आवणी झालेली असते, भट्ट्या बंद असतात आणि गौरीला लेकी माहेरी आलेल्या असतात. वर्गणी ज्याची त्याने जमेल तशी द्यावी, ग्रुपवर आकडे टाकू नयेत. आणि रविवार धरलात तर मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. कसारा लोकल मुळातच कमी, त्यात दादर-ठाण्याहून येणारे अडकले की जेवण गार.