विरोधी बाकांवरचे देशपांडे

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत जुन्या गोष्टी निघाल्या, की त्या बहुधा दोन तारखांभोवती फिरतात. एक १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे निजामी राजवट संपली तो दिवस. आणि दुसरी १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे हैदराबाद राज्यच मोडले तो दिवस. या दोहोंच्या मधल्या आठ वर्षांबद्दल आपण फारसे बोलत नाही. त्या वर्षांत या राज्याला पहिली निवडून आलेली विधानसभा मिळाली, आणि त्या सभेतला मुख्य विरोधी पक्ष डावा होता. त्याने लोकांना काय देऊ केले, लोकांनी त्याचे काय केले आणि आपण मराठी माणसे तेव्हा कुठे उभे होतो, हे यंदाच्या स्मरणिकेत आठवावे असे आम्हांला वाटले.

बागे-आममधल्या त्या देखण्या टाउन हॉलमध्ये १९५२ साली भरलेल्या विधानसभेकडे जरा पाहा. अध्यक्षांच्या खुर्चीत काशीनाथराव वैद्य. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. आणि समोरच्या बाकांवरून सरकारला कलमाकलमावर अडवणारे विरोधी नेते व्ही. डी. देशपांडे. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव तेलुगूभाषक खरे, पण तेही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. कामकाज उर्दू, हिंदी, तेलुगू, कन्नड, इंग्रजी आणि मराठी अशा सगळ्या भाषांतून चाले.

यातले देशपांडे सर्वांत नवलाचे. औरंगाबादकडचा हा कम्युनिस्ट कार्यकर्ता मराठवाड्यातून नव्हे, तर जनगावजवळच्या इप्पागुडा या तेलुगू मतदारसंघातून निवडून आला होता. नवल एवढ्यावरच संपत नाही. तेलंगणाच्या खेड्यांत ‘देशमुख’ आणि ‘देशपांडे’ ही निव्वळ आडनावे नव्हती. निजामाच्या काळात महसुलाच्या वतनातून जमिनी गिळलेल्या जमीनदारांची ती बिरुदे होती. जनगाव तालुक्यातल्या विसनूरच्या देशमुखाकडे साठेक गावांत मिळून सुमारे ४०,००० एकर जमीन असल्याचे सांगितले जाते. ज्या मुलखात ‘देशमुख’ म्हटले की कुळाच्या पोटात गोळा येई, त्याच मुलखातल्या कुळांनी ‘देशपांडे’ नावाच्या परभाषिक माणसाला मत दिले. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

निजामी तेलंगणात वेठ ही रोजची गोष्ट होती. परटाने गढीवरचे कपडे फुकट धुवायचे, कुंभाराने मडकी द्यायची, चांभाराने चपला शिवायच्या, शेतमजुराने आधी दोराचे, म्हणजे मालकाचे, शेत नांगरायचे आणि मग स्वतःचे. गढीसमोरून जाताना ‘मी आपला गुलाम, आपल्या पाया पडतो’ या अर्थाचे शब्द उच्चारायचे. आपल्याकडे जशी महाराष्ट्र परिषद, तशी तेलुगू लोकांची आंध्र महासभा. ती सुरुवातीला वाचनालये, शाळा आणि मातृभाषेचे शिक्षण यांतच गुंतलेली होती. १९४१ साली चिलकूरच्या अधिवेशनात रावी नारायण रेड्डी तिचे अध्यक्ष झाले आणि पुढे १९४४ च्या भोनगीर अधिवेशनात डाव्यांच्या हाती ती पूर्णपणे आली. वर्गणी कमी झाली, खेडूत सभासद झाले. लोक तिला नुसते ‘संगम’ म्हणू लागले.

रावी नारायण रेड्डी स्वतः जमीनदार घरातले. तरुणपणी हरिजन सेवेच्या कामात उतरलेले, मग कम्युनिस्ट झालेले. आपल्या मालकीची शेकडो एकर जमीन त्यांनी कसणाऱ्यांना देऊन टाकली. लोकांनी त्यांच्या पक्षाच्या आश्वासनावर विश्वास का ठेवला, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. पुढारी ‘जमीन देऊ’ म्हणत होता, आणि आपली त्याने आधीच दिली होती.

उरलेले निम्मे उत्तर गावोगावच्या घटनांत आहे. पालकुर्तीच्या ऐलम्मा या परीट जातीच्या बाईंचे उभे पीक देशमुखाची माणसे न्यायला आली, तेव्हा संगमचे लोक आडवे उभे राहिले आणि पीक बाईंच्या घरी गेले. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावी मिरवणुकीवर देशमुखाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, त्यात दोड्डी कोमरय्या हा तरुण पडला. तिथून तेलंगणाचा लढा पेटला. पक्षाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ३,००० गावांत त्यांची सत्ता चालली, १० लाख एकर जमीन वाटली गेली आणि ४,००० च्या आसपास माणसे मारली गेली. आकडे पक्षाचे आहेत हे ध्यानात ठेवूनही, एवढे खरे की वेठ थांबली आणि ती कुणी थांबवली हे प्रत्येक गावाला ठाऊक होते.

पण १९४८ नंतर चित्र पालटले. रझाकार गेले, भारतीय सैन्य आले, आणि लढा मात्र चालूच राहिला, आता भारत सरकारविरुद्ध. पक्षाच्या नेतृत्वात इथे फूट पडली. निजाम गेल्यावर हत्यार खाली ठेवावे, असे रावी नारायण रेड्डींचे मत होते. दुसऱ्या गटाला तो विश्वासघात वाटला. पक्षावर बंदी आली, हजारो तुरुंगात गेले, जंगलात लपलेल्यांना गावांतून भाकरी पोचवणाऱ्यांचे हाल झाले. पक्षाने लढा मागे घेतला तो ऑक्टोबर १९५१ मध्ये. त्या तीन वर्षांत मेलेल्यांचा हिशेब पुढाऱ्यांनी नीटपणे कधी दिला नाही. डाव्यांच्या इतिहासातली ही जखम त्यांचे चाहतेही नाकारत नाहीत.

याच काळात आणखी एक मराठी माणूस नलगोंडा जिल्ह्यात आला. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन झाले, त्यासाठी विनोबा पवनारहून चालत आले आणि तिथून पुढे तेलंगणाच्या अशांत भागात चालत गेले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत तिथल्या दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ जन्मली. प्रश्न एकच, जमिनीचा. कम्युनिस्टांनी ती घ्यायला सांगितली, विनोबांनी मागितली, सरकारने कायद्याने देईन म्हटले. गावकऱ्यांनी तिन्ही ऐकले.

मग १९५२ ची निवडणूक आली. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठलेली नव्हती, म्हणून त्यांनी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट, अर्थात पी.डी.एफ., या आघाडीच्या नावाने उमेदवार उभे केले. आघाडीचे अध्यक्ष डॉ. जयसूर्य, सरोजिनी नायडूंचे चिरंजीव. आश्वासने थोडकी आणि सरळ होती: कसणाऱ्याला जमीन, कुळांची हकालपट्टी बंद, राजकीय कैद्यांची सुटका आणि भाषावार राज्ये. उमेदवारांतले कित्येक तुरुंगातून वा भूमिगत जीवनातून नुकतेच बाहेर आलेले, काही आतच असलेले.

निकालाने दिल्लीही चकित झाली. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या, पण पी.डी.एफ.ने ४२ घेतल्या, बहुतेक तेलंगणातल्या. समाजवादी पक्षाला ११, शेतकरी कामगार पक्षाला १०. शेकापचे बळ मुख्यतः मराठवाड्यात होते. उद्धवराव पाटलांसारखे वक्ते तिथूनच या सभेत आले, आणि परभणीची लोकसभेची जागाही शेकापच्या नारायणराव वाघमारे यांनी जिंकली. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी ३ लाख ९ हजारांहून अधिक मते घेऊन लोकसभेत गेले. पंडित नेहरूंना त्यांच्या मतदारसंघात २ लाख ३३ हजारांच्या आसपास मते होती. दोन्ही मतदारसंघ दोन-दोन जागांचे होते, म्हणून तुलनाही रास्त आहे.

आपल्या घरांत या निकालाचे स्वागत कसे झाले? थोरांच्या तोंडून आम्ही ऐकले ते एकसुरी नव्हते. काहींची वतने, पटवारगिरी, थोडीफार शेती खेड्यांत होती. त्यांनी १९४८ च्या आधीच पोरेबाळे शहरात आणून ठेवली होती, काहींनी घर जळताना पाहिले होते. त्यांच्या लेखी ‘कॉम्रेड’ हा शब्द भीतीचा होता, आणि ती भीती खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. दुसरीकडे स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांनी कम्युनिस्टांबरोबर बराकी वाटून घेतल्या होत्या. शायर मख्दूम मोहिउद्दीन यांची नज्म मराठी तरुणांनाही पाठ होती. तेही १९५२ च्याच पोटनिवडणुकीत हुजूरनगरहून सभेत आले. एकाच घरात थोरला भाऊ खादीतला आणि धाकटा लाल बावट्याचा, आणि जेवताना आईने दोघांना गप्प बसवायचे, असेही होते.

दोन्ही भावांची एक समजूत मात्र सारखी असे: खेडूत भोळा आहे, त्याला जमिनीचे आमिष दाखवले की तो मत देतो. निकाल नीट पाहिला तर ही समजूत टिकत नाही. ज्या भागात वेठ थांबली आणि पीक घरी गेले, तिथेच या पक्षाला भरभरून मते पडली. जिथे संगम पोचलाच नव्हता, तिथे त्याच आश्वासनांना लोकांनी फारसे विचारले नाही. मत पडले ते आधी पाहिलेल्या कामाला. म्हणून तर इप्पागुड्याला देशपांडे हे नाव आड आले नाही आणि त्यांची मातृभाषाही आड आली नाही.

आता त्या आश्वासनांचे पुढे काय झाले ते पाहू. जमिनीचे निम्मेच पुरे झाले, आणि तेही विरोधकांच्या हातून नव्हे. १९५० चा हैदराबाद कूळकायदा आधीच आला होता. १९५४ च्या दुरुस्तीने जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालण्याची तरतूद केली. देशात अशी पावले लवकर टाकणाऱ्या राज्यांत हैदराबाद होते. कायदा काँग्रेसचा, पण ४२ माणसे समोर बसलेली नसती तर तो इतक्या लवकर आला असता असे आम्हांला वाटत नाही. तरी कायदा अमलात येईतो असंख्य संरक्षित कुळांना जमिनीवरून हुसकावले गेले, कुणाकडून ‘राजीखुशीने’ राजीनामे लिहून घेतले गेले. विरोधी बाकांवरून यावर वारंवार आवाज उठला. गावात मात्र तलाठ्याच्या दप्तरात जे लिहिले तेच खरे ठरले.

पुरे झाले ते दुसरेच आश्वासन, भाषावार राज्यांचे. १९५२ च्या सप्टेंबरात मुलकी आंदोलनात सिटी कॉलेजपाशी गोळीबार झाला, तेव्हाच या राज्याची वीण उसवू लागली होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये तेलंगण काही काळ वेगळे ठेवावे असे सुचवले. कम्युनिस्टांना विशाल आंध्र हवे होते. विधानसभेतल्या मराठी डाव्यांना संयुक्त महाराष्ट्र हवा होता. आपल्यापैकी बहुतेकांनाही तो हवा होता, हे कबूल केले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. वैद्य, बिंदू आणि देशपांडे ज्या सभेत बसत ती सभाच उरली नाही.

आणि आपण सुलतान बाजारात, काचीगुड्यात, गौळीगुड्यात तिथेच राहिलो. मुलकी दाखल्याने आपण इथले, भाषेने आता परके. ज्या सभागृहात मराठीतून भाषण करता येत असे, तिथे मराठी आमदार दिसणेही दुर्मीळ झाले. ज्या मागणीसाठी आपल्या थोरांनी सभा भरवल्या, तिची किंमत इथे उरलेल्यांनी मोजली. आम्ही हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कचेरी मिळाली हे योग्यच झाले. पण आश्वासन पुरे झाले म्हणजे सगळ्यांचेच पुरे होते असे नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मधल्या काळात पक्षाचेही दिवस पालटले. १९५७ मध्ये तेलंगणात त्यांच्या जागा बऱ्याच घटल्या. रावी नारायण रेड्डी १९६२ मध्ये पुन्हा नलगोंड्याहून लोकसभेवर गेले, पण १९५२ ची लाट परत आली नाही. १९६४ मध्ये पक्षच दुभंगला.

निवडणूक आली की आपल्या मंडळाच्या कट्ट्यावर अजूनही पहिला प्रश्न विचारला जातो: ‘उमेदवार आपला आहे का?’ सत्तर वर्षांपूर्वी इप्पागुड्याच्या कुळांनी बहुधा वेगळा प्रश्न विचारला असावा: ‘या लोकांनी आमच्या गावात काय केले?’ त्यांना उत्तर ठाऊक होते, म्हणून त्यांनी एका देशपांड्यांना निवडले.

शेवटी एक विनंती. त्या आठ वर्षांची पत्रके, सभेचे कागद, तुरुंगातली पत्रे काही घरांतल्या ट्रंकांत अजून असतील. थोरांच्या आठवणीही आहेत, खादीवाल्या भावाच्या आणि लाल बावट्यावाल्या भावाच्याही. यंदा गणपती उठण्याआधी ती ट्रंक एकदा उघडून पाहावी आणि जे सापडेल त्याची प्रत मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावी.