पाणी कोणत्या वाटीकडे जातं?

१९३४ साल. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, रॉबिन्सन आणि सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. समोर पाण्याची टाकी, तापमान २५ अंश सेल्सिअस. पाण्यात हवा काढून घेतलेलं बंद भांडं सावकाश डुलतंय. त्यात तांब्याचा जाड ठोकळा, ठोकळ्यावर धातूच्या छोट्या वाट्या. एकीत साध्या मिठाचं द्रावण, दुसरीत पोटॅशियम क्लोराइडचं, तिसरीत लिथियम क्लोराइडचं.

बघण्यासारखं काहीच नाही. पण वाट्यांवरची वाफ एकच आहे, त्यामुळे पाणी एकीतून उडून दुसरीत उतरतंय. ज्या मिठाची पाण्यावरची पकड जास्त, त्याची वाटी जड होत जाते. हे चालतं ते सगळ्या वाट्यांवरचा बाष्पदाब सारखा होईपर्यंत, म्हणजे काही दिवस. द्रावणं पातळ असली तर त्याहूनही जास्त. घाई करून उपयोग नाही.

आता वाट्यांवर झाकणं लावा, नाहीतर तराजूपर्यंत नेतानाच पाणी उडेल. वजन करा. साध्या मिठाच्या वाटीत किलोभर पाण्यामागे १ मोल मीठ असेल, तर पोटॅशियम क्लोराइडच्या वाटीत साधारण १.०४ मोल निघेल. एका द्रावणाचा बाष्पदाब आधीपासून नेमका माहीत असला की बाकीच्यांचा या वजनांवरून कळतो, आणि पाण्याच्या वागण्यावरून मिठाचं वागणं सांगणाऱ्या गिब्ज-ड्युहेम समीकरणातून प्रत्येक मिठाचा सक्रियता गुणांक हाती येतो.

या गुणांकासाठी एवढा खटाटोप का? द्रावणात मीठ किती आहे आणि ते वागतं किती असल्यासारखं, यांत अंतर असतं; गुणांक तेच सांगतो. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढतात, आणि पाण्याचे रेणूही आयनांना चिकटून बसतात. साध्या मिठाचा गुणांक ०.१ मोलला ०.७८, १ मोलला ०.६६, आणि ६ मोलला पुन्हा ०.९९ च्या आसपास. मॅग्नेशियम क्लोराइड तर विलक्षणच: ०.१ मोलला ०.५३ आणि ५ मोलला जवळजवळ १४! १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी दिलेला सिद्धांत पहिली घसरण उत्तम सांगतो, पुढच्या चढणीबद्दल मात्र त्याच्याकडे बोलायला काही नाही. साधा समुद्रही त्याच्या आवाक्याबाहेरचा.

आणि समुद्र म्हणजे मिश्रण. दोन मिठं एकाच वाटीत घातली की प्रत्येकाचा गुणांक दुसऱ्याच्या प्रमाणावर अवलंबून राहतो. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट: यांची प्रत्येक मिसळण प्रत्येक प्रमाणात मोजायची म्हटली तर कित्येक पिढ्या वाट्या तोलत बसतील.

म्हणून १९७३ च्या बर्कलीत चला. स्टॅनफर्डचं अध्यक्षपद विद्यार्थी आंदोलनांच्या धामधुमीत सोडून केनेथ पिट्झर पुन्हा रसायनशास्त्राकडे वळलेत, वय ५९. त्यांची समीकरणं पहिल्या नजरेत अंगावर येतात, पण युक्ती सरळ आहे. डिबाय-ह्यूकेलची दूरवरची ओढ ठेवायची आणि तिच्यात जवळच्या धक्क्यांची भर घालायची, आधी दोन-दोन आयनांची, मग तीन-तीनांची. विरुद्ध भाराच्या जोड्यांचे आकडे एकेकट्या मिठाच्या द्रावणांतून मिळतात. सोडियम-मॅग्नेशियमसारख्या समान भाराच्या जोड्या आणि त्रिकुटं दोन मिठांच्या मिश्रणांतून. चौकडीची गरज सहसा पडत नाही. माझ्या मते त्यांचं मोठेपण मोजमाप कुठे थांबवलं तरी चालेल हे दाखवण्यात आहे. समीकरणातले बरेचसे आकडे सिद्धांतातून निघत नाहीत, मोजमापांशी जुळवून घ्यावे लागतात. आणि त्या मोजमापांचा मोठा साठा रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी स्टोक्स यांच्या तक्त्यांमध्ये तयार होता.

सात वर्षांनी, १९८० मध्ये, सॅन दिएगोत हार्वी आणि विअर हीच समीकरणं त्या सहा आयनांच्या समुद्रावर लावतात. पाणी आटत जाईल तसं आधी जिप्सम, मग मीठ, आणि पार शेवटाकडे मॅग्नेशियमचे क्षार, असा क्रम गणितातूनच बाहेर पडतो. उरण-वसईच्या मिठागरांत मीठ धरल्यावर उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात, ते याच शेवटच्या टप्प्यातलं. मिठागरी हे आधीपासून जाणतात. गणिताने त्याला आकडे दिले.

आता आपल्या काळात या. खाऱ्या भूजलाचं किंवा लिथियमच्या खाऱ्या सरोवराचं, या समीकरणांनी काढलेलं संगणकी उत्तर कुणी समोर ठेवलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा: तापमान किती धरलंय, आणि यातल्या आयनांच्या जोड्या खरोखर कुणी मोजल्यात का? २५ अंशांवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा होकारार्थी येईल. ९० अंशांवर अनेक मिश्रणांच्या बाबतीत ते अजूनही नकारार्थीच आहे.