एका हेलिकॉप्टरचे अनेक मालक

मंडळी, कोडसारखेच हेलिकॉप्टरचेही मालक बदलतात बरं का! ह्यूज २६९ हे पिस्टन इंजिनाचं दोन आसनी हेलिकॉप्टर १९५६ साली पहिल्यांदा उडालं. नवशिक्या पायलटांसाठी अमेरिकन सैन्याने अशी ७९२ घेतली. १९८३ मध्ये उत्पादन गेलं श्वाइझरकडे, म्हणजे चक्क ग्लायडर बनवणाऱ्या कंपनीकडे... १९८६ ला सगळे हक्कही. २००४ मध्ये सिकॉर्स्कीने श्वाइझरच विकत घेतली. पण ब्लॅकहॉक बनवणाऱ्या घरात या धाकट्याकडे बघणार कोण? उत्पादन थंडावलं, सुट्या भागांसाठी लोक ताटकळले. अखेर २०१८ ला टेक्सासच्या श्वाइझर आरएसजीने ते घेतलं. थोडक्यात काय, डिझाइन कितीही झकास असो, मेन्टेनन्सला कुणी वाली हवाच!