सोराबजी आणि त्यांचें मौन

कैखुश्रू शापुरजी सोराबजी हें नांव वाचतांच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या कोटांतील एखादी जुनी पारशी पेढी उभी राहील. परंतु या गृहस्थांनीं पेढी काढिली नाहीं. त्यांनीं पियानोसाठीं अशी एक रचना लिहिली कीं, ती ऐकण्यास चार तास लागतात. आणि पहिल्या पन्नास वर्षांत खुद्द रचनाकाराखेरीज ती जाहीरपणें समग्र वाजविणारा कोणी निघाला नाहीं.

त्यांचे वडील मुंबईचे पारशी इंजिनियर, आई इंग्रज. जन्म १८९२ सालीं इंग्लंडांत, एसेक्स परगण्यांत झाला व जवळजवळ सारें आयुष्यहि त्याच देशांत गेलें. जन्मतः ठेविलेलें नांव लिऑन डडली. पारशी नांव त्यांनीं पुढें आपण होऊन धारण केलें. आपल्याकडचा एक माणूस विलायतेंत एवढा मोठा झाला, असें म्हणण्याचा मोह येथें होतो खरा. पण त्यांना कोणी हिंदी म्हटलेलें खपत नसे. आपण पारशी आहों, असें ते बजावून सांगत. तेव्हां तो मोह आवरून त्यांच्या संगीताकडे वळणेंच बरें.

१९१९ मध्यें लंडन येथें त्यांनीं आपला पहिला सोनाटा बुसोनी या थोर वादकास वाजवून दाखविला, आणि बुसोनीनें त्यांस शिफारसपत्र दिलें. बाखची अपुरी राहिलेली एक फ्यूग पायाभूत धरून याच बुसोनीनें १९१० मध्यें 'फांटासिया कोंट्रापुंटिस्टिका' रचिली होती. तिचा आदर्श पुढें ठेवून सोराबजींनीं १९३० च्या जूनमध्यें 'ओपस क्लाविचेंबालिस्टिकुम' पुरें केलें. फ्यूगमध्यें एक आवाज एक स्वरवाक्य उच्चारतो. दुसरा तेंच उचलतो, तों पहिला कांहीं निराळें बोलूं लागलेला असतो. मग तिसरा येतो. या ग्रंथांत (२५२ पानांच्या कृतीस ग्रंथच म्हटलें पाहिजे) अशा चार फ्यूग आहेत. पहिलींत एक विषय, दुसरींत दोन, तिसरींत तीन, चौथींत चार. मध्यें एका विषयाचीं ४९ रूपांतरें येतात, पुढें दुसऱ्या एकाचीं ८१. पियानोचें लेखन सामान्यतः पांच रेघांच्या दोन पट्ट्यांवर होतें. येथें तीन, चार, कधीं त्याहूनहि अधिक पट्ट्या एकाखालीं एक मांडलेल्या दिसतात, आणि वाजविणाराचे हात मात्र दोनच.

१ डिसेंबर १९३० रोजीं ग्लासगो येथें स्वतः सोराबजींनीं ही रचना वाजविली. पुढल्या वर्षीं ती छापूनहि निघाली. मग १९३६ च्या मार्चमध्यें लंडनला दुसऱ्या एका वादकानें तिचा पहिला खंड वाजविला, आणि तेथें घोडें अडलें. तें वादन सोराबजींस मुळींच मानवलें नाहीं. वाईट वाजविण्यापेक्षां न वाजविलेलें बरें, असा त्यांचा निश्चय झाला. त्याच वर्षाअखेर ते स्वतःहि जाहीर बैठकींतून उठले ते कायमचे. कायद्याची बंदी अशी नव्हती. परंतु त्यांची इच्छा मोडून वाजवावयास पुढें येणार कोण? हें मौन १९७६ पर्यंत टिकलें.

आपल्याकडे चिजा लपवून ठेवणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी सर्वांनीं ऐकल्या आहेत. सोराबजींचा प्रकार अगदीं तसा नव्हे. त्यांची चीज छापील होती, ज्यास हवी त्यानें ती घरीं वाचावी. ते लिहावयाचेहि थांबले नाहींत. श्रोता नाहीं हें ठाऊक असूनहि वर्षामागून वर्षें कागद भरीत राहिले. १९४८-४९ मधील 'सेक्वेन्शिया सिक्लिका' तर आठ तासांची आहे. हा अहंकार कीं निष्ठा? आम्हांस वाटतें, दोन्ही. आणि त्या अहंकाराची किंमत संगीतानेंच अधिक दिली. ज्या वयांत बोटें अशा कामाला तयार होतात त्या वयाच्या वादकांची एक सबंध पिढी या कृतीवांचून वाढली. मात्र घाईनें, चुरगाळून वाजविलेल्या फ्यूगांमुळें ही कृती हास्यास्पद ठरून कायमची बाजूस पडली असती, ही भीतिहि निराधार म्हणवत नाहीं.

नव्या श्रोत्यानें मात्र 'ओपस'पासून आरंभ करूं नये. सादीच्या ग्रंथावरून नांव घेतलेलें १९४० मधील 'गुलिस्तां' हें निशागीत घ्यावें. तें सुमारें अर्ध्या तासाचें आहे. विलंबित ख्यालाची संवय असलेल्या कानाला त्यांतील संथपणा जड जाणार नाहीं. परंतु येथें तंबोरा नाहीं, कान टेकवावयास षड्ज नाहीं, आणि समेची वाट पाहणारा फसतो. पहिल्या खेपेस आम्हीहि असेच फसलों. अलंकारांच्या दाटींतून एक लांबट सूर हळूहळू पुढें सरकत असतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळीं कोठें हातीं लागला.

१९८२ मध्यें उट्रेख्ट येथें जेफ्री डग्लस मॅज यांनीं 'ओपस' समग्र वाजविलें, तेव्हां सोराबजी नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. १९८८ मध्यें लंडनला जॉन ऑग्डन यांनीं तें वाजविलें. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरला डॉर्सेट परगण्यांत सोराबजी वारले.